वाळिंब्यांची इला कोच पारखते

मोठ्या युनिव्हर्सिटीच्या कोचचा फोन आला त्या संध्याकाळी शैलजाने शिरा केला आणि वाटी घेऊन ती आमच्याकडे आली. अमेरिकेत, जॉर्जियातल्या अल्फारेटात आम्ही एकाच सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे एकाच वसाहतीत राहतो, मधे फक्त चार घरं.

"इलाला त्यांच्या टीमसाठी व्हिजिटला बोलावलंय," ती म्हणाली. "यतीन फोन ठेवल्यापासून नुसता येरझाऱ्या घालतोय."

"आणि इला?"

"ती म्हणते, आधी मी त्यांना काही प्रश्न विचारीन."

मला तेव्हा हसू आलं, हे कबूल करते. शैलजा-यतीनची ही सतरा वर्षांची मुलगी, आणि ज्याच्या हाताखालून मोठमोठे धावपटू तयार झाले त्या कोचला ही प्रश्न विचारणार. इकडे बारावीच्या मुलांना कॉलेजच्या टीमसाठी कोच स्वतः फोन करून बोलावतात. आपल्या लोकांत असा फोन आला की आईवडील कॉलेजचं नाव बघतात आणि खूश होतात. बोलावणारा माणूस कसा आहे, हे बघायचं असतं हे माझ्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.

इला मूळची काही खेळाडू वगैरे नव्हती. सातवीत व्हॉलीबॉलच्या टीममध्ये घेतलं नाही म्हणून ती क्रॉस कंट्रीत गेली, कारण तिथे कोणालाच नाही म्हणत नाहीत. गवतातून, चढउतारांवरून पाच किलोमीटर पळायचं. पहिल्या वर्षी ती शेवटून तिसरी यायची. नववीत शाळेतल्या मुलींमध्ये पहिली आली. बोलायला कमी. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र निम्मं इंग्रजीत. एखादी गोष्ट समजली नाही तर समजल्यासारखं दाखवायचं नाही, हा तिचा स्वभाव लहानपणापासूनचा. आठ वर्षांची असताना तिने गणपतीच्या आरतीतल्या एका शब्दाचा अर्थ आमच्या मंडळातल्या अकरा जणांना विचारला होता, आणि अकराही जणांना तो येत नव्हता.

दहावीत तिच्या डाव्या नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली. दहा आठवडे पायात तो जाड प्लास्टिकचा बूट. शैलजा फार्मसिस्ट आहे, तिची शिफ्ट सकाळी सातला सुरू होते, म्हणून ते दहा आठवडे इलाला मी शाळेत सोडत असे. आमची खरी ओळख तेव्हा झाली. मी एकदा तिच्या तेव्हाच्या कोचला नावं ठेवली, तर ती म्हणाली, "नाही मावशी, ही वॉज नाइस. दुखतंय का, हे त्याने कधी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. दॅट्स ऑल."

त्यानंतर ती बरी झाली, पहिल्यापेक्षा जोरात पळायला लागली आणि बारावीच्या सुरुवातीला दोन कोच तिच्या मागे लागले. एक हा, शेजारच्या राज्यातल्या मोठ्या युनिव्हर्सिटीचा. दुसरा मिशिगनमधल्या एका छोट्या कॉलेजचा, ओस्टरमन नावाचा. त्याचा फोन नव्हता आला. त्याने पत्र लिहिलं होतं, हाताने, आणि त्यात इलाच्या एका हरलेल्या रेसबद्दल लिहिलं होतं.

यतीनला दुसरं कॉलेज मोजण्याच्या लायकीचंही वाटत नव्हतं. "त्या कॉलेजचं नाव नागपुरात कोणाला सांगू?" तो म्हणाला. तो गेली वीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. पण मुलीच्या बाबतीत मोठं नाव ऐकलं आणि माणूस विरघळला.

सप्टेंबरच्या शेवटी बापलेक मोठ्या युनिव्हर्सिटीत जाऊन आले. तिथलं सगळं मला नंतर दोघांनी वेगवेगळं सांगितलं, आणि दोन वेगळ्या गावांना जाऊन आल्यासारखं सांगितलं.

यतीनने फोटो दाखवले. लॉकर रूममध्ये एका लॉकरवर 'वाळिंबे' अशी इंग्रजीत पाटी लावली होती, आत तिच्या मापाची जर्सी. पाण्याखाली चालणारी ट्रेडमिल. भिंतभर ट्रॉफ्या. कोच उंच, हसरा, हातात हात घेऊन बोलणारा. "आणि नाव बरोबर उच्चारलं त्याने," यतीन म्हणाला. "वाळिंबे. ळ सकट."

इलाने सांगितलं ते असं. तिने कोचला विचारलं, चार वर्षांपूर्वी टीममध्ये किती नव्या मुली आल्या आणि त्यातल्या आज किती पळतायत? कोच हसून म्हणाला, फार छान प्रश्न आहे, पण हा खेळ सगळ्यांना झेपत नाही. आकडा दिला नाही. इलाकडे आकडा होता. जुन्या वर्षांच्या टीमच्या याद्या वेबसाइटवर असतात, त्या तिने ओळीने लावून पाहिल्या होत्या. नऊ आल्या होत्या. दोन उरल्या होत्या.

"मग मी म्हटलं, ज्या सोडून गेल्या त्यांच्यापैकी एकीचा नंबर द्याल का?"

"मग?"

"तो म्हणाला, त्यापेक्षा तू आमच्या कॅप्टनशी बोल."

दुपारी सगळी टीम कोचबरोबर जेवायला बसली. टेबलावर ब्रेडची टोपली होती. कोणी हात लावेना. मग कोचला फोन आला, तो उठून बाहेर गेला, आणि लगेच तीन मुलींनी टोपली ओढून ब्रेड घेतला. तो परत यायच्या आत खाऊन संपवला.

"बाबाच्या समोरच झालं हे," इला म्हणाली. "त्याला दिसलं नाही."

यतीनला मी हे विचारलं तेव्हा तो थोडा चिडला. "अगं, ब्रेडवरून काय ठरवायचं? भूक लागली असेल. आणि मुली सोडून जातात म्हणशील तर सगळीकडेच जातात."

"जातात ना," इला म्हणाली. "मला फक्त जाणाऱ्यांशी बोलायचंय."

ऑक्टोबरच्या मध्यावर मिशिगनची व्हिजिट होती. यतीनच्या कामावर त्या शुक्रवारी नव्या सॉफ्टवेअरचा रिलीज, शैलजाची शिफ्ट. माझी बहीण सुलभा ॲन आर्बरला असते आणि कॉलेज तिथून तासाभरावर, म्हणून मी म्हटलं, मी नेते इलाला. शैलजाने अळिवाच्या लाडवांचे दोन डबे दिले, एक सुलभासाठी आणि एक इलासाठी. इलाचा डबा विमानातच निम्मा झाला.

ओस्टरमन पार्किंग लॉटमध्येच उभा होता. बासष्ट वर्षांचा, बुटका, कानटोपी घातलेला. माझ्याशी बोलताना त्याने दोनदा माझं नाव चुकवलं, मग खिशातून कागद काढून लिहून घेतलं. लॉकर रूम दाखवली, ती आमच्या अल्फारेटातल्या जिमपेक्षा साधी होती. मग इलाला केमिस्ट्रीच्या वर्गात बसायला पाठवलं, एक अख्खा तास. मी बाहेर बाकावर बसले. बाहेर आल्यावर ती म्हणाली, प्रोफेसरला एक शंका विचारली तर त्याने दुपारी लॅबमध्ये ये म्हणून सांगितलं. टीमबद्दल काही विचारण्याआधीच तिला ते कॉलेज आवडलेलं होतं, हे माझ्या लक्षात आलं.

दुपारी टीमची प्रॅक्टिस होती. हलकं पळणं, हवं तर इलाने बरोबर पळावं. मैदानाच्या कडेला एक मुलगी पायात इलाचा होता तसाच जाड बूट घालून बसली होती, आणि ओस्टरमन तिच्याकडून बाकीच्यांच्या वेळा लिहून घेत होता. मधेच तो तिला विचारायचा, ही आज जड पळतेय का गं? ती सांगायची आणि तो ऐकायचा.

इला मुलींबरोबर दोन फेऱ्या मारून आली. तिसऱ्या फेरीला ओस्टरमनने हात वर करून तिला थांबवलं.

"कुठला पाय?" त्याने विचारलं.

"आय ॲम फाइन," इला म्हणाली.

"बरी आहेस का ते नाही विचारलं. कुठला पाय?"

इला माझ्याकडे बघेना. मग म्हणाली, "डावा."

"किती दिवस?"

"दोन आठवडे."

मी तिथेच उभी होते. दोन आठवड्यांत मी तिला चार वेळा भेटले होते आणि मला पत्ता नव्हता. शैलजाला नव्हता, शाळेच्या कोचलाही नव्हता. तीन आठवड्यांवर जॉर्जियाची राज्य पातळीवरची रेस होती आणि ती हातची जाऊ नये म्हणून या मुलीने तोंड मिटून ठेवलं होतं.

"डावा पाय टाकताना तू खांदा वर घेतेस," ओस्टरमन म्हणाला. "मी डॉक्टर नाही, त्यामुळे काय झालंय ते मी सांगणार नाही. पण आज तू पळणं थांबवायचंस आणि आईला आजच सांगायचंस."

"ती मला स्टेटला पळू देणार नाही."

"शक्य आहे."

"आणि स्टेटचा टाइम बघितल्याशिवाय तुम्ही मला घ्याल?"

"तुझा टाइम मला माहीत आहे," तो म्हणाला. "तू सकाळपासून मला चौदा प्रश्न विचारलेस, सगळे चांगले होते. मी एकच विचारला आणि तू पहिल्यांदा खोटं बोललीस. माझ्या हाताखाली पळायचं असेल तर एवढं एक चालणार नाही. बाकी आपण बघून घेऊ."

इलाच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं की कशाचं, मी विचारलं नाही. ती त्या बूटवाल्या मुलीशेजारी जाऊन बसली आणि प्रॅक्टिस संपेपर्यंत तिथेच राहिली.

निघताना मात्र तिने तो प्रश्न विचारलाच. टीम सोडून गेलेल्यांपैकी कोणाचा नंबर द्याल का? ओस्टरमनने फोनमध्ये बघून तीन नावं लिहून दिली. तिसऱ्या नावाखाली त्याने रेघ मारली. "ही माझ्याशी अजून बोलत नाही," तो म्हणाला. "काय सांगेल कल्पना नाही. पण हिला आधी फोन कर."

परत येताना गाडीत इलाने आधी शैलजाला फोन केला. पायाचं सांगितलं. शैलजा एवढंच म्हणाली, "बरं. सोमवारची अपॉइंटमेंट घेते. आता पाय वर करून बस." नंतर तिने मला वेगळा फोन करून दहा मिनिटं रडून घेतलं, ते इलाला अजून माहीत नाही.

सुलभाच्या घरी पोचल्यावर चहा झाला आणि इलाने तिसऱ्या मुलीला फोन लावला. रेचल नाव, टोलिडोत नर्स आहे. इलाने मला समोर बसायला सांगितलं आणि फोन स्पीकरवर ठेवला.

रेचल आधी जरा तुटक बोलली. मग म्हणाली, दुसऱ्या वर्षी मी जेवण जवळजवळ सोडलं होतं आणि पळत होते, जिंकत होते. ओस्टरमनला ते कळायला चार महिने लागले. कळायला हवं होतं. कळल्यावर त्याने मला एकाही रेसमध्ये उतरू दिलं नाही, वर्षाच्या सगळ्यात मोठ्या रेसमध्येही नाही, आणि मला दर आठवड्याला डॉक्टरकडे पाठवलं. मी टीम सोडली. त्याला खूप बोलले. माझ्या पदवीदानाला तो आला होता, मागच्या रांगेत उभा होता, मी गेले नाही त्याच्याकडे.

इलाने विचारलं, "तुम्हाला धाकटी बहीण असती तर त्याच्याकडे पाठवली असती?"

रेचल म्हणाली, "मला आहे धाकटी बहीण. हो, पाठवीन. पण मी असं म्हणाले हे त्याला सांगू नकोस."

बाकीच्या दोघींनाही इलाने फोन केला. एकीला अभ्यास झेपत नव्हता म्हणून तिने पळणं सोडलं होतं. दुसरी म्हणाली, ओस्टरमनचे विनोद फार वाईट असतात आणि तो हिवाळ्यात सकाळी सहाला बाहेर पळवतो, एवढीच तक्रार. इलाने सगळं लिहून घेतलं, चांगलं आणि वाईट एकाच पानावर.

सोमवारी अल्फारेटात तपासणी झाली. हाडाला चीर गेली नव्हती, पण जाण्याच्या बेतात होती. डॉक्टर म्हणाल्या, आणखी दोन आठवडे पळाली असतीस तर पुन्हा बूट. पाच आठवडे पळणं बंद. रक्त तपासलं तर शरीरातलं लोह अगदी तळाला गेलेलं. घर शाकाहारी, मुलगी रोज आठ मैल पळणारी, आणि आई फार्मसिस्ट. शैलजाने ते मनाला फार लावून घेतलं. इला तिला म्हणाली, "आई, मी शाळेतला डबा फेकून द्यायचे. मी सांगितलं असतं तर तुला कळलं असतं." त्या दिवशी त्या घरात बरंच काही बोललं गेलं असावं. मी विचारलं नाही.

स्टेटची रेस गेली. इलाने दोन्ही कोचना स्वतः फोन करून कारण सांगितलं.

मोठ्या युनिव्हर्सिटीचा कोच गोडच बोलला. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलंस का, असं विचारलं, स्टेटचा टाइम हाती असता तर आम्हाला ठरवायला सोपं गेलं असतं, असंही म्हणाला. दोन आठवड्यांनी ईमेल आला की आम्ही तुझ्या प्रगतीवर लक्ष ठेवून आहोत. यतीनने तो ईमेल तीन वेळा वाचला. त्यातून काही अर्थ निघेना, तेव्हा त्याने लॅपटॉप बंद केला.

ओस्टरमनने विचारलं, लोह किती आलं? शाकाहारी आहेस तर काय खातेस ते आमच्या आहारतज्ज्ञ बाईंना लिहून पाठव. जागा तुझी आहे, मार्चपर्यंत विचार कर, नाही म्हणालीस तरी चालेल.

मग यतीनने स्वतः त्याला फोन लावला. चाळीस मिनिटं बोलत होता. कामावर जसे खोदून खोदून प्रश्न विचारतो तसेच विचारले, वर्षात किती मैल, आजारी पडली तर कोण बघतं, परीक्षेच्या आठवड्यात काय. शेवटी म्हणाला, "तुमचं वय बासष्ट. तुम्हीच निघून गेलात तर?"

ओस्टरमन म्हणाला, "जाईन एक दिवस. म्हणून तिला विचारा, उद्या पळणं बंद झालं तरी या कॉलेजात राहावंसं वाटेल का. वाटत नसेल तर माझ्याकरता येऊ नको म्हणावं."

फोन ठेवून यतीन स्वयंपाकघरात आला. आम्ही तिघी तिथेच होतो. "माणूस सरळ आहे," तो म्हणाला, आणि इलाला विचारलं, "राहावंसं वाटेल?"

"केमिस्ट्रीसाठी वाटेल," इला म्हणाली. "पळायला मिळालं तर बेस्ट."

"मग झालं," यतीन म्हणाला. "नागपूरला मी सांगतो काय सांगायचं ते."

ऑगस्टमध्ये ती गेली. पहिलं वर्ष तसं सामान्यच गेलं. सोळा मुलींत ती चौदावी होती. अल्फारेटातल्या काही लोकांनी यतीनला सुचवून पाहिलं की मोठ्या ठिकाणी गेली असती तर बरं झालं असतं. यतीन म्हणायचा, "ती बरी आहे, जेवते आहे, अभ्यास चालू आहे." त्याला एवढं पुरत होतं. हिवाळ्यात शून्याखाली वीसला ती बाहेर पळायची आणि पापण्यांवर बर्फ जमलेले फोटो पाठवायची. पाय दुखला की त्याच दिवशी सांगायची, आधी ओस्टरमनला आणि मग आईला. पहिल्या वर्षात दोनदा असं झालं. दोन्ही वेळा चार दिवसांची विश्रांती, आणि पुन्हा पळायला.

दुसऱ्या वर्षी ती पहिल्या सातांत आली, म्हणजे बाहेरगावच्या रेसला टीमबरोबर जाणाऱ्यांत. वर्षाच्या शेवटी ओस्टरमन निवृत्त झाला. त्याच्या जागी एक तरुण बाई आल्या, बोलायला कडक. आठवडाभराने इलाने नव्या बाईंची वेळ मागून घेतली, तासभर त्यांच्या ऑफिसात बसून आली, आणि म्हणाली, "शी इज गुड. डिफरंट, बट गुड." टीम सोडायचा विषय कधी निघाला नाही. तोवर ती केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये अर्धवेळ कामालाही लागली होती.

यंदाच्या वसंतात तिसऱ्या वर्षाच्या शेवटी तिची दहा हजार मीटरची रेस होती. ट्रॅकच्या पंचवीस फेऱ्या. शैलजा, यतीन आणि मी, तिघंही मिशिगनला गेलो. मे महिना असूनही वारा बोचत होता. यतीनने फेऱ्या मोजायचं काम स्वतःकडे घेतलं आणि बाराव्या फेरीपाशी त्याचा हिशोब चुकला. मग तो प्रत्येक वेळी इला समोरून गेली की नुसतं "चल, चल" म्हणायचा. शैलजा बसलेलीच नव्हती, कठड्याला धरून उभी होती.

पंधराव्या फेरीपर्यंत इला दहावी होती. मग तिने एकेकीला मागे टाकायला सुरुवात केली. घाईने नाही, दोन फेऱ्यांमागे एक, अगदी ठरवून. खांदे सैल, मान सरळ. मला पळण्यातलं काही कळत नाही, पण त्या दिवशी एवढं कळलं की ही मुलगी स्वतःच्या पायांना ओळखते आहे. शेवटच्या दोन फेऱ्यांना ती सहावी होती, आणि सहावीच आली. तिच्या आयुष्यातली सगळ्यात वेगवान रेस.

कठड्याजवळ आली तेव्हा ती वाकून दम खात होती. यतीनने आपलं जॅकेट काढून तिच्या पाठीवर टाकलं. नव्या बाई आल्या, इलाच्या खांद्यावर हात ठेवून दोन वाक्यं बोलल्या आणि पुढच्या मुलीकडे गेल्या.

"काय म्हणाल्या?" शैलजाने विचारलं.

"पंधरावी फेरी स्लो होती म्हणाल्या," इला म्हणाली. "बरोबर आहे, होती." मग ती सरळ उभी राहिली आणि माझ्याकडे वळली. "मावशी, सुलभा मावशीला फोन कर ना. ॲन आर्बरला डोसा कुठे चांगला मिळतो ते विचार. मला तीन लागतील."